फायबरची टाच

माझा धाकटा भाऊ पाण्यावर उभा राहायचा. हे मी शब्दांचा खेळ करून सांगत नाही. कोकणात किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यातले खेळ खेळवणाऱ्या एका मालकाकडं तो कामाला होता. बसून चालवायची जेट-स्की सगळ्यांनी बघितलेली असते, पुढं चालवणारा आणि मागं किंचाळणारा. त्याच्याकडं होती ती वेगळी. तिला सीटच नसते. अरुंद बूड, मागं दोन पावलं मावतील एवढा खोलगट खड्डा आणि पुढं वर-खाली होणारा एक दांडा. खड्ड्यात उभं राहायचं, दांडा धरायचा आणि सोडायची. सायकलसारखं तिचं असतं, चालली तर उभी, थांबली की आडवी. संध्याकाळी गर्दी पांगायला लागली की मालक म्हणायचा, "जा, एक चक्कर मार." भाऊ लाटेवरनं ती उडवायचा आणि परत पाण्यावर बसवायचा. पांगणारी माणसं थांबायची.

मी हे एकदाच बघितलं, लग्नानंतर नवऱ्याबरोबर गेले होते तेव्हा. विहिरीत पोहायला शिकवताना ज्याच्या कमरेला मी रिकामा डबा बांधला होता, ते पोरगं समुद्रावर उभं होतं. शेजारच्या एका बाईनं विचारलं, "कुठला हो तो मुलगा?" मी म्हणाले, "आमच्या नगर जिल्ह्यातला." नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले.

पावसाळ्यात तिथलं काम बंद असायचं, तेव्हा तो घरी यायचा. काष्टीच्या पुढं आमची वस्ती. एका वर्षी त्याचं परत जाणं लांबलं, कारखान्याचा हंगाम सुरू झाला, आणि उसानं भरलेल्या ट्रॉलीचं चाक बदलताना जॅक सरकला. डावा घोटा ट्रॉलीखाली गेला. नगरच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण सळ्या घालून घोटा कायमचा जाम केला. पाऊल काटकोनात बसलं ते बसलं, वर होत नाही, खाली होत नाही. तो चालतो, थोडा पाय फेकत. मोटरसायकल चालवतो. शेतात पाण्याची दारंही धरतो. पण पाण्यावर उभं राहायचं म्हणजे सगळा कारभार घोट्याचा. तो क्षणाक्षणाला वळतो म्हणून माणूस उभा असतो.

कोकणातली नोकरी गेली. त्याचं लग्न आधीच झालं होतं, भावजय समजूतदार, लिंबाची बाग होती, गाई होत्या. पोटाला कमी नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, जिवावरचं पायावर निभावलं. तो ऐकून घ्यायचा.

मग एक दिवस नारळाच्या टेम्पोत टाकून त्यानं ती जेट-स्की घरी आणली. मालकानं भंगारात काढली होती. अंगणात उतरवली तेव्हा आई म्हणाली, "ही काय मेलेली मगर आणलीस?"

"मगर न्हाई आई. माझी गाडी हाय."

इंजिन त्यानं स्वतःच खोलून चालू केलं, त्यात मला काही कळत नाही. माझा संबंध आला तो बुडाशी. त्याचा बेत असा होता. दोन्ही अंगांना फायबरचे फुगे जोडून बूड रुंद करायचं, म्हणजे गाडी लगेच आडवी होणार नाही. आणि मागच्या खड्ड्यात डाव्या पायाच्या मापाचा साचा बसवायचा. पाऊल त्यात घट्ट बसलं की पाय आणि गाडी एक. "घोट्याचं काम फायबर करंल," असं तो म्हणायचा. त्यानं मला नगरला, सावेडीत, फोन केला.

"तायडे, तू केमिस्ट्रीवाली ना? मग ये."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. केमिस्ट्री. हे मी जिथं-तिथं सांगते आणि मला त्यात काही वाटत नाही. आईला सही करता येते, वडील होते तोवर अंगठाच लावायचे. मी दुधाच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते, सासर सावेडीतच आहे, पण रविवार आला की माझी एसटी काष्टीकडं निघते. नवरा म्हणतो, तुझं लग्न झालंय हे तुझ्या माहेरच्यांना कळवलंय ना? तर त्या हिवाळ्यातले रविवार मी गोठ्याच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये घालवले.

फायबरचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. काचेच्या धाग्यांची मॅट असते, गोधडीत भरायच्या कापसासारखी दिसते. रेझिन असतं काकवीएवढं दाट. त्यात आधी जांभळा कोबाल्ट मिसळायचा, मग हार्डनर, आणि ब्रशनं मॅटवर दाबून दाबून बसवायचं. आत हवा राहिली की काम वाया. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. पहिल्याच दिवशी मी दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवल्या आणि सांगितलं, ह्या बाटल्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"झालं, मास्तरीण आली," भाऊ म्हणाला.

फुग्यांच्या आत भरायला त्यानं लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडनं थर्माकोल आणला होता. मी म्हणाले, रेझिन लागलं की हा विरघळणार.

"इरघळतंय कसं? थर्माकोल काय साखर हाय?"

"लावून बघ."

त्यानं लावलं. थर्माकोल आमच्या डोळ्यांदेखत आत बसत गेला आणि चिकट लगदा उरला. भाऊ वाकून बघत राहिला. मग आईला हाक मारून म्हणाला, "आई, हिच्या शिक्षणाचं सार्थक झालं गं." त्या दिवशी आम्ही हसलो. पुढं एका बंद पडलेल्या दूध कूलरच्या भिंतीतला पिवळा फोम मिळाला, त्याला रेझिन काही करत नव्हतं. तोच भरला.

पॉलिश पेपर मारताना काचेची धूळ अंगभर बसायची. खाज सुटायची ती झोपू द्यायची नाही. आई आम्हाला दोघांना ओट्यावर बसवून हातांवरनं कणकेचा गोळा फिरवायची, लहानपणी फड्या निवडुंगाची कुसळं काढायची तसा. "तीस वर्षांची घोडी झाली तरी माझ्या नशिबातली कुसळं संपंनात," म्हणायची. मला ते दिवस आवडले, हे लिहायला हवं. भाऊ शिट्टी मारत काम करायचा. अपघातानंतर ती शिट्टी मी ऐकली नव्हती.

पहिला साचा आम्ही पुढून बंद आणि मागून उघडा केला, घरातल्या सपातेसारखा. बोटं आणि पावलाचा वरचा भाग आत, टाच मोकळी.

पाण्यात बघायचं म्हणजे आमच्या शेततळ्यात. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, तळं काठोकाठ होतं. ज्यांनी शेततळं जवळून बघितलं नाही त्यांना सांगते. खड्ड्याला आतून काळा जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, पाणी मुरू नये म्हणून. ओला झाला की त्यावर माणसाचं पाऊल ठरत नाही. आत पडलेला चांगला पोहणाराही कडेला येऊन घसरत राहतो, नखं लागत नाहीत. आमच्या पंचक्रोशीत अशी माणसं गेलीत. म्हणून आम्ही चारी बाजूंनी दोरांना जुने टायर बांधून आत सोडले होते, आणि भावाच्या लाइफ जॅकेटला मागून एक नायलॉनचा दोर बांधला होता. त्याचं दुसरं टोक माझ्या आणि भावजयीच्या हातात. तो पडला तर मनगटाला अडकवलेली दोरी गाडीच्या बटणातून निघून इंजिन बंद व्हायची सोय गाडीतच होती.

उघड्या टाचेनं त्याला उभं राहता आलं नाही. पोटावर झोपून सुरू करायचा, गुडघ्यावर यायचा, उजवा पाय टेकायचा, डावा साच्यात घालायचा, आणि गाडी जरा कलली की डावा पाय मागं सटकून बाहेर. पुन्हा पाण्यात. पुन्हा चढायचा. बांधावर आई बसली होती. ती म्हणाली, "आरं, बसून चालव की त्या पाटावर."

"पाटावर बसायला मी काय जेवायला आलोय?"

फुगे मात्र चांगले चालले. गाडी कडेला आली तरी आडवी होत नव्हती. मी म्हणाले, अर्धं जमलंय. तो ओले कपडे न बदलता शेडमध्ये गेला आणि साच्याकडं बघत बसला.

पुढच्या रविवारी मी गेले तर त्यानं काष्टीच्या बाजारातनं नवा गमबूट आणून ठेवला होता, डाव्या पायाचा. उजवा कोपऱ्यात पडला होता. "टाच बंद करायची," तो म्हणाला. "ह्या बुटावर साचा काढायचा. घोट्यापर्यंत. पुढनं बंद, मागनं बंद."

"आणि पडलास तर?"

"तायडे, तू दारं धरलीत का न्हाई? चिखलात बूट रुतला की काय हुतं?"

काय होतं ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बूट चिखलात राहतो आणि पाय निघून येतो. उसाच्या सरीत बूट रुतला नाही असा माणूस आमच्या घरात नव्हता. आईनं मान डोलावली. भावजय म्हणाली, "व्हय, माझा तर पर्वा दोनदा निघाला." मीही म्हणाले, बरोबर आहे. त्याच्या बोलण्यात चूक काढायला आम्हाला कुणालाच जागा दिसली नाही, कारण ते आमच्या रोजच्या जगण्यातलं होतं. बुटाला मेण लावलं, वरनं मॅटचे थर दिले, वाळल्यावर बूट चेपून ओढून काढला. उरला तो कडक, पिवळसर, बुटाच्या आकाराचा साचा. तो खड्ड्यात बसवला. भाऊ गाडीच्या काठावर बसून, पाय जरासा तिरका करत, दोन्ही हातांनी दाबत तो आत घालायचा. तसाच दोन्ही हातांनी काढायचा. जमत होतं.

गाडी पुन्हा तळ्यात उतरवली त्या दिवशी तो उभा राहिला.

मी दोर धरून बांधावर होते, त्यामुळं मला तो आधी पाठमोरा दिसला. गुडघ्यावरनं उठला, डगमगला, आणि डगमग थांबली. तळं लहान, वेग घेता येत नाही, तरी त्यानं कडेकडेनं एक वळसा घेतला. वळून आमच्याकडं आला तेव्हा त्याचं तोंड दिसलं. तो हसत नव्हता. नुसता पुढं बघत होता, कुठंतरी पोचायचं असलेल्या माणसासारखा. भावजयीनं दोर सोडून दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी ओरडले, "दोर धर गं!"

दुसऱ्या वळणावर तो उलटला.

गाडी पूर्ण पालथी झाली. इंजिन बंद पडलं. पाण्यावर तिचं बूड आणि बुडाच्या एका अंगाला नारंगी जॅकेटचा तुकडा. आम्ही दोर ओढला. दोर ताठ झाला, जॅकेट आमच्याकडं सरकलं, आणि जॅकेटबरोबर गाडीही सरकली. मी आणखी जोर लावला. गाडी आणखी सरकली. आम्ही त्याला ओढत नव्हतो. त्याला आणि गाडीला, दोघांना मिळून ओढत होतो.

मग दोर एकदम हलका झाला आणि त्याचं डोकं वर आलं. खोकला, थुंकला, टायर धरला आणि तिथूनच म्हणाला, "बघितलं का? निघाला का न्हाई?"

घोट्याच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलून निघाली होती. आई हळद घेऊन आली तर म्हणाला, "आई, लाड करू नको. उद्या वाळंल."

घरी परतताना एसटीत मला उमगलं. चिखलातनं आपण पाय काढतो तेव्हा बोटं खाली करतो आणि टाच वर घेतो. पाऊल बुटाच्या नळीच्या सरळ रेषेत येतं, म्हणून निघतं. हे आपण करतो ते आपल्याला कळतही नाही. त्याचं पाऊल खाली होतच नव्हतं. काटकोनातला पाय काटकोनातल्या कडक नळीतनं बसून, हातानं, तिरका करत निघेल. पालथं पडल्यावर, वर गाडी, खाली पाणी आणि जॅकेट वर खेचतंय, तेव्हा तो निघाला हे नशीब. मी लगेच फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं.

"पण निघाला ना?"

"या वेळी निघाला."

"मग झालं तर. आता पाण्यात चांगला वेग घ्यायला जागा पाहिजे. मी बॅकवॉटरला नेतोय."

धरणाचं बॅकवॉटर आमच्यापासून फार लांब नाही. तिथं टायर नाहीत, बांध नाही, आणि चालत्या गाडीमागं दोर बांधून कुणी काठावर उभं राहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. ती गोठ्यात होती, मागं गाय हंबरत होती. "वन्सं, तुमी सांगा की ह्यांना. तुमचं ऐकत्यात. मी काय बोललं की म्हणत्यात, तुला काय कळतंय."

मी रजा टाकून गेले. भाऊ शेडमध्ये साच्याच्या कडा घासत होता. पायाला फडकं गुंडाळलं होतं. मी त्याला एसटीत उमगलेलं सगळं पुन्हा सांगितलं, हातानं दाखवून सांगितलं, गमबूट त्याच्यापुढं ठेवून म्हणाले, हा उभ्यानं, हात न लावता काढून दाखव. त्यानं बूट लाथेनं बाजूला केला.

"तू लॅबमध्ये दूध तपास, तायडे. ही गाडी मी चालवलीय, तू न्हाई."

"चालवलीस ती चांगल्या पायानं."

हे मी बोलले. तो घासायचा थांबला. मग तो खाली बघतच म्हणाला, "तिकडं समुद्रावर लोकं माझ्याकडं बघायची. हितं समदी माझ्या पायाकडं बघत्यात. तूबी."

मी म्हणाले, "मी तुझ्या पायाकडं बघते, कारण तो त्या साच्यात अडकणार आहे. टाच कापून टाक. उघडी ठेव. पडशील, पण निघशील."

"उघड्या टाचंनं मी उभाच राहू शकत न्हाई, हे तू बघितलंस."

"बघितलं."

"मग?"

मी कटर उचललं. वायर लावलेलीच होती. बटण त्याच्या शेजारी, शेडच्या खांबावर. त्यानं हात लांब केला असता तर ते बंद करता आलं असतं. मी विचारलं, "कापू?"

तो पोत्यावर टेकून बसला. "काप," म्हणाला. "पण मग मला शिकवायला पुन्हा ह्या घरात यायचं न्हाई."

मी कापली. फायबर कापताना कर्कश आवाज येतो आणि पांढरी धूळ उडते. ओढणी तोंडाला बांधायचंही मला सुचलं नाही. टाचेचा तुकडा खाली पडला तेव्हा मी कटर बंद केलं, आणि मागं दारात आई आणि भावजय उभ्या होत्या. आई म्हणाली, "बरं केलंस." भाऊ उठून, पाय फेकत, बागेकडं निघून गेला.

मला वाटलं होतं भावजयीला तरी हायसं वाटेल. ती माझ्या अंगावर आली. "मी सांगा म्हणले हुते, कापा न्हवं म्हणले. तुमी आता एसटीत बसून सावेडीला जाणार. ह्यांचं तोंड रोज मला बघायचंय."

मी म्हणाले, "तोंड बघायला माणूस तर हवा." ती रडत आत गेली. मी बोलले ते खरं होतं आणि अजूनही खरंच आहे. तरी त्या दिवशी त्या घरात ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

मी येणं थांबवलं नाही. माहेर काही कुणाच्या एका शब्दानं बंद होत नसतं. पुढच्या रविवारी गेले तर भाऊ ओट्यावर होता. "या ताई. बसा. चहा घेणार का?" म्हणाला, जसा पाहुण्याला म्हणतात. मी म्हणाले, "हे काय नाटक?" तर म्हणाला, "शिकलेल्या माणसांशी नीट बोलावं." आणि मग त्यानं तसंच चालवलं. मी शिव्यांची वाट बघत होते, त्या आल्या नाहीत. शेडला कडी होती. गाडी आत पालथी पडली होती, पत्र्याखालनं शिरून तिच्यावर कोंबड्या बसायच्या. शिट्टी बंद झाली. आई म्हणायची, घर शांत झालं एकदाचं. मला ती शांतता खपायची नाही, पण तिच्याशी भांडायचं कसं हेही कळायचं नाही.

उन्हाळा तोंडावर आला तसा भावजयीचा फोन आला, एका सुट्टीच्या दिवशी सकाळी. ती माझ्याशी अजून नीट बोलत नव्हती. "वन्सं, ह्यांनी पिकअप आणलीय. गाडी घालून चाललेत बॅकवॉटरला. मीबी चाललेय."

"टाच?"

"तुमी ठेवली तशीच हाय. मी हात घालून बघितली."

नवऱ्याला म्हटलं स्कूटर काढ. आम्ही पोचलो तोवर ऊन चढलं होतं. पाणी मागं हटल्यामुळं काठाला भेगाळलेला चिखल आणि मग ओला चिखल. भावजय एका दगडावर बसली होती. दोन-तीन मासेमार जाळी आवरत होते आणि पाण्यात माझा भाऊ पडत होता.

दुसरा शब्द नाही. तो पोटावर झोपून निघायचा, गुडघ्यावर यायचा, उभा राहायचा. इथं वेग होता, त्यामुळं तळ्यातल्यापेक्षा जरा जास्त टिकायचा. मग डावा पाय मागं सटकायचा. गाडी एकीकडं, तो एकीकडं. दरवेळी पाय निघत होता. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सुटकेचा श्वास टाकला, नंतर पाचव्या-सहाव्या वेळी माझं मलाच कसंतरी वाटायला लागलं, कारण माझ्या भावाचं पडणं बघून मला बरं वाटत होतं.

एक मासेमार ओरडला, "ओ पाव्हणं, बसायची गाडी आणा की! आन् माझ्या जाळ्याकडं नका येऊ!"

दुसरा भावजयीला म्हणाला, "कवाधरनं पडतोय ह्यो?"

"सकाळधरनं."

"दमत न्हाई का?"

"तुमीच विचारा."

शेवटी तो काठाला आला. ओठ निळे पडले होते, डावा पाय नडगीपासून लाल झाला होता. माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं, बाटलीनं पाणी प्यायला. नवरा म्हणाला, "अहो, बास करा आता. ऊन बघा." तो हसला, माझ्या नवऱ्याकडं बघून, मग माझ्याकडं वळला.

"टाच असती तर आतापर्यंत मी त्या पलीकडच्या काठाला गेलो असतो."

"गेला असतास. परत आला नसतास."

"तुला काय ठाव?"

मी पदवीधर आहे, मला बऱ्याच गोष्टी ठाऊक असतात आणि त्या मी सांगते. पण ह्याचं खरं उत्तर एकच होतं. "ठाऊक नाही," मी म्हणाले. "तळ्यात निघालास तसा दरवेळी निघालाही असतास. मला ठाऊक नाही. मला फक्त दोर ठाऊक आहे. मी ओढत होते आणि गाडी तुझ्याबरोबर येत होती."

त्यानं हातातली बाटली भावजयीकडं दिली. दोरी मनगटाला अडकवली, दातानं ओढून घट्ट केली.

"पुन्हा?" ती म्हणाली.

"पुन्हा."

"पाय बघा आधी."

"बघितलाय."

तो चिखल तुडवत गाडीपर्यंत गेला, तिला वळवलं, पोटावर झोपला. इंजिन सुरू झालं. आमच्यापासून लांब जात तो गुडघ्यावर आला, मग उजव्या पायावर, मग उभा राहिला, आणि मासेमारही जाळं हातात धरून बघत राहिले. मी मनात म्हणत होते, राहा, राहा. गाडी कलली. तो पडला. पाण्यावर नुसतं पालथं बूड.

"तिकडं हायत," भावजय म्हणाली.

डोकं पलीकडच्या अंगाला वर आलं होतं. त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं, गाडी सरळ केली आणि कडेला धरून थोडा वेळ नुसता लोंबकळत राहिला. आमच्याकडं बघितलं नाही. मी चपला काढल्या आणि चिखलातनं पुढं गेले, पाणी पोटऱ्यांना लागेपर्यंत. त्याच्यापर्यंत पोचायला त्याचा काही उपयोग नव्हता. तो परत गाडीवर चढत होता.